नोंद खोडली तरी शेत जागेवरच

कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांतील कागदपत्रांचे वास्तव्य गेल्या पंचवीस वर्षांत, कोणी मुद्दाम ठरविलेले नसताना, घरातल्या पत्र्याच्या पेटीतून आणि कचेरीतल्या तांबड्या रुमालांतून निघून संगणकाच्या आणि टॅबच्या पोटात जाऊन स्थिरावले आहे. कर्जतच्या बाजारपेठेतील छायाचित्रकाराने टिपलेली लग्ने, खोपोलीच्या कारखान्यांतील हजेरीपट, कशेळे-कडावकडच्या शाळांचे गुणतक्ते, ग्रामपंचायतीच्या संगणकचालकाने रात्री जागून भरलेली घरपट्टीची यादी आणि नेरळहून रोज लोकलने मुंबईस जाणाऱ्या चाकरमान्याच्या नातवंडांचे पहिले पाऊल, हे सर्व आता फाइल या एकाच नावाखाली नांदते. आणि ज्या सहजतेने ते तेथे गेले त्याच सहजतेने, बोटाच्या एका चुकीच्या स्पर्शासरशी, ते दिसेनासेही होते. मग घरातील माणूस दोन-तीन दिवस स्वतःच खटपट करतो, शेजारच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाला बोलावतो, कोणी सांगितलेली दोन-चार सॉफ्टवेअरे उतरवून घेतो, आणि अखेरीस दुरुस्तीच्या दुकानाची पायरी चढून विचारतो, "सगळं डिलीट झालंय, परत येईल का हो?" या प्रश्नाचे खरे उत्तर बहुधा त्या मधल्या दोन-तीन दिवसांतच ठरून गेलेले असते.

ते कसे, हे समजून घेण्यासाठी संगणकाच्या आधी तलाठ्याच्या दप्तराकडे वळणे सोयीचे आहे; कारण भातशेतीच्या या मुलखात ते दप्तर कोणत्याही यंत्रापेक्षा अधिक परिचयाचे आहे. जमिनीचे खरेदीखत झाले, फेरफाराची नोंद पडली, मंडळ अधिकाऱ्याने ती मंजूर केली, की सातबाऱ्यावरील जुन्या खातेदाराचे नाव कमी होते आणि नवे नाव लागते. परंतु या साऱ्या कारभारात खुद्द शेत तसूभरही हललेले नसते, आणि नवा मालक प्रत्यक्ष नांगर घालीपर्यंत जुन्याने लावलेले पीक बांधाच्या आत जसेच्या तसे उभे असते. संगणकाच्या डिस्कवरही अशीच एक नोंदवही असते. कोणत्या नावाची फाइल, किती आकाराची, आणि डिस्कच्या कोणकोणत्या तुकड्यांत ती ठेवली आहे, एवढाच मजकूर तिच्यात असतो. विंडोजमध्ये १९९३ पासून चालत आलेल्या एनटीएफएस या पद्धतीत तिला मास्टर फाइल टेबल असे भारदस्त नाव आहे. आपण डिलीट म्हणतो तेव्हा संगणक या वहीतील एका नोंदीवर "आता वापरात नाही" असा शेरा मारतो आणि त्या फाइलीने व्यापलेले तुकडे मोकळे म्हणून जाहीर करतो. छायाचित्र, हिशेब, पत्र, जे काही होते ते आपल्या जागी पडून राहते. यात संगणकाने आपल्यावर काही मेहेरबानी केलेली नसते. तीन तासांच्या लग्नाचे चित्रीकरण खरोखर पुसून काढावयाचे तर पुष्कळ वेळ खर्ची पडेल, आणि नोंद खोडावयास निमिषमात्र पुरते, म्हणून तो सोपे तेवढे करतो. त्याच्या या आळसावरच फाइली परत मिळविण्याची सारी विद्या उभी आहे.

ही विद्या वैयक्तिक संगणकाएवढीच जुनी आहे. अमेरिकेतील पीटर नॉर्टन या गृहस्थांनी १९८२ साली आपल्या नॉर्टन युटिलिटीज या संचात पुसलेली फाइल परत आणणारा कार्यक्रम घातला आणि त्यावर नाव व पैसा दोन्ही मिळविले. त्या काळच्या डॉस प्रणालीत फाइल खोडण्याची रीत मोठी गमतीची होती. फाइलीच्या नावातील पहिले अक्षर काढून त्या जागी २२९ या अंकाची खूण ठेवावयाची, बाकीचे नाव, आकार आणि आरंभाचा तुकडा यांना हात लावावयाचा नाही, अशी ती रीत. पुढे १९९१ साली मायक्रोसॉफ्टने डॉसच्या पाचव्या आवृत्तीत अनडिलीट ही आज्ञा स्वतःच पुरविली, तेव्हा ती आज्ञा खोडलेल्या फाइलींची यादी पहिल्या अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह घालून दाखवीत असे आणि ते अक्षर मालकालाच विचारीत असे. मालकाने अक्षर सांगितले की फाइल हजर. मेमरी कार्डे आणि पेनड्राइव्ह यांतून आजही पुष्कळदा त्याच घराण्यातील नोंदपद्धती वापरल्या जातात.

तथापि मोकळा ठरलेला तुकडा किती काळ मोकळा राहील याची हमी कोणीच देऊ शकत नाही. विंडोज स्वतःच्या कामासाठी क्षणोक्षणी डिस्कवर काही ना काही लिहीत असते. ब्राउझर पाहिलेल्या पानांच्या प्रती साठवितो, अद्ययावत आवृत्त्या न विचारता उतरतात, व्हॉट्सअॅपवरील सुप्रभाताची चित्रे येऊन पडतात, आणि यांपैकी कोणतीही वस्तू नेमकी आपल्या हरवलेल्या फाइलीच्या जागेवर जाऊन बसू शकते. एकदा नवा मजकूर त्या जागी लिहिला गेला की जुन्याचा मागमूस उरत नाही. त्यातून काही काढून देणारा किमयागार जगात नाही. यास्तव फाइल गेल्याचे ध्यानात येताच करावयाची पहिली गोष्ट म्हणजे काहीही न करणे. कॅमेऱ्याचे कार्ड असेल तर ते तत्क्षणी काढून वेगळे ठेवावे आणि त्यावर आणखी एकही छायाचित्र घेऊ नये. संगणक असेल तर तो बंद करावा. लोकांच्या हातून सर्वांत अधिक होणारे नुकसान हे की, फाइली परत आणणारे सॉफ्टवेअर ते त्याच डिस्कवर उतरवून घेतात आणि सापडलेल्या फाइलीही त्याच डिस्कवर साठवितात. म्हणजे औषधच रोग्याच्या जिवावर उठते. शहाणपणाची रीत अशी की, ती डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडावी आणि जे मिळेल ते तिसऱ्याच ठिकाणी उतरवावे.

पण सॉफ्टवेअरच्या मागे लागण्यापूर्वी केराची टोपली पाहिली काय, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. दुकानात येणाऱ्या पुष्कळांनी ती उघडूनही पाहिलेली नसते. विंडोजची रिसायकल बिन १९९५ सालापासून आपल्या पडद्याच्या कोपऱ्यात बसलेली आहे, आणि तेथे गेलेली फाइल एका टिचकीने मूळ जागी परत येते. पेनड्राइव्हवरून खोडलेली फाइल मात्र सहसा या टोपलीत येत नाही, आणि शिफ्टची कळ दाबून खोडलेली तर कधीच नाही. टॅब आणि मोबाइल यांच्या टोपल्यांना मुदत असते व ती काटेकोर पाळली जाते. गुगल फोटोजमध्ये ज्याची प्रत गुगलकडे गेलेली आहे असे छायाचित्र खोडल्यावर ६० दिवस टोपलीत राहते, न गेलेले ३० दिवस. गुगल ड्राइव्हची मुदत ३० दिवसांची. आयपॅडवरही खोडलेली छायाचित्रे साधारण तेवढाच काळ "नुकतेच हटविलेले" या कप्प्यात थांबतात. मुदत संपली की अर्ज चालत नाही. म्हणून फाइल केव्हा गेली ती तारीख आठवून लिहून ठेवणे हे दिसावयास क्षुल्लक, पण उपयोगाचे काम आहे.

टोपली रिकामी निघाली आणि डिस्क किंवा कार्ड सुस्थितीत असले, तर सॉफ्टवेअरची पाळी येते. मायक्रोसॉफ्टने २०२० साली विंडोज फाइल रिकव्हरी हा कार्यक्रम विनामूल्य उपलब्ध करून दिला. पण त्याला आज्ञा टंकून द्याव्या लागतात आणि सामान्य माणूस तेथेच कंटाळतो. फ्रान्समधील ख्रिस्तोफ ग्रेनिए यांचा फोटोरेक हा दुसरा विनामूल्य कार्यक्रम अधिक चिवट आहे, कारण तो नोंदवहीकडे पाहतच नाही. नोंदी नष्ट झाल्या असोत, कार्डाला "फॉरमॅट मारला" असो, तो डिस्कचा एकेक तुकडा क्रमाने वाचीत जातो आणि ओळखीच्या खुणा शोधतो. प्रत्येक जेपेग छायाचित्राचा आरंभ २५५ आणि २१६ या दोन अंकांनी होतो. पीडीएफच्या आरंभी टक्क्याचे चिन्ह आणि तिचे स्वतःचे नाव असते. अशी खूण दिसली की येथून एक फाइल सुरू झाली असे धरून तो पुढचा मजकूर उचलतो. या रीतीने आलेल्या फाइलींना मूळ नावे नसतात, नुसते क्रमांक असतात, आणि हजार छायाचित्रांच्या ढिगातून हळद कोणती व वरात कोणती हे ज्याचे त्यालाच निवडावे लागते. लांबलचक चित्रीकरण अनेक तुकड्यांत विखुरलेले असेल तर ते अर्धेमुर्धेच हाती लागते, हेही आधीच ठाऊक असलेले बरे.

मराठी वाचकांसाठी येथे एक गोष्ट मुद्दाम सांगितली पाहिजे, कारण परदेशी मार्गदर्शिकांत ती आढळणार नाही. युनिकोड रूढ होण्यापूर्वी, आणि अनेक कचेऱ्यांत व छापखान्यांत त्यानंतरही कित्येक वर्षे, मराठी मजकूर श्रीलिपी, आकृती, कृतीदेव यांसारख्या फॉन्टांत टंकला जात असे. त्या फॉन्टांत देवनागरी अक्षराचे केवळ रूप असे. संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरे आणि चिन्हेच असत. अशी जुनी फाइल मोठ्या कष्टाने परत मिळविली आणि ज्या संगणकावर तो फॉन्ट नाही तेथे उघडली, की पडद्यावर चिन्हांचा निरर्थक पसारा दिसतो, आणि "फाइल करप्ट झाली" असे म्हणून लोक ती स्वहस्ते टाकून देतात. सोसायटीची जुनी इतिवृत्ते, वडिलांनी टंकलेली आत्मवृत्ते, गावच्या उत्सवाचे हिशेब या गैरसमजापायी गेले असतील तर नवल नाही. जुना फॉन्ट बसवावा अथवा मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यावा. पुष्कळदा तेवढ्याने सारे अक्षर न् अक्षर जागेवर येते.

आता जी गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाहीत ती. आतापर्यंत वर्णिलेला सारा प्रकार जुन्या, फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कला आणि बऱ्याच मेमरी कार्डांना लागू पडतो. गेल्या काही वर्षांत विकल्या जाणाऱ्या बहुतेक लॅपटॉपांत फिरती तबकडी नसून एसएसडी असते, आणि तिचा स्वभाव अगदी निराळा आहे. तिच्या स्मृतिकणांवर जुन्यावर नवे थेट लिहिता येत नाही. आधी मोठा पट्टाच्या पट्टा साफ करावा लागतो, आणि आयत्या वेळी खोळंबा होऊ नये म्हणून ती रिकामपणी ही साफसफाई उरकून ठेवते. २००९ साली आलेल्या विंडोजच्या सातव्या आवृत्तीपासून, फाइल खोडताच "हे तुकडे आता नको आहेत" अशी वर्दी संगणक एसएसडीला देतो. त्या वर्दीचे नाव ट्रिम. वर्दी पोहोचली की शेतात नांगर शिरलाच म्हणून समजावे, आणि तोही शेजाऱ्याचा नव्हे, घरचाच. टॅबची आणि मोबाइलची स्थिती याहून कडक आहे. अँड्रॉइडच्या २०१९ मधील दहाव्या आवृत्तीपासून नव्या यंत्रांत सारा मजकूर कुलूपबंद लिपीतच लिहिणे बंधनकारक झाले, आणि आयपॅडमध्ये ते त्याच्याही आधीपासून आहे. असे यंत्र कोणी मूळ स्थितीला आणले, म्हणजे रीसेट केले, की त्या लिपीची किल्लीच नष्ट होते. उरतो तो अर्थशून्य अंकांचा ढीग. चोरीला गेलेल्या टॅबमधील आपले खासगी कागद चोराला वाचता येत नाहीत ते याच व्यवस्थेमुळे, तेव्हा तिला दोष देणे अन्यायाचे होईल. पण रीसेट केलेल्या टॅबमधून शंभर टक्के छायाचित्रे परत आणून देतो असे जो सांगेल, त्याच्या हाती आगाऊ रक्कम ठेवू नये.

सह्याद्रीच्या पायथ्याशी जून ते सप्टेंबर हवेतील ओल आणि विजेचा लपंडाव हे तर संगणकांचे नित्याचे वैरी. ज्या तालुक्यातील खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून १९१५ साली मुंबईच्या गिरण्यांना वीज गेली, त्या तालुक्यात पावसाळ्यात दिवे किती वेळा जातात हे तेथील रहिवाशांना सांगावयास नको. लिहिता लिहिता वीज गेली तर डिस्कची नोंदवही अर्धवट राहते आणि कधी सबंध डिस्कच "फॉरमॅट करू का?" असे विचारू लागते, अशा वेळी होकार न देणे एवढे पथ्य पाळावे. यंत्र भिजले तर ते चालू करून पाहण्याचा मोह टाळावा, आणि तांदळाच्या डब्यात तर ठेवूच नये; कर्जतच्या संशोधन केंद्राने भाताच्या वाणांना गावाचे नाव देऊन ते दूरवर पोहोचविले असले, तरी मोबाइल वाळविणे हा त्या धान्याचा गुण नव्हे, उलट त्याची धूळ आत शिरते. हार्ड डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल तर प्रकरण सॉफ्टवेअरच्या हाताबाहेर गेले. आतील वाचनशीर्ष फिरत्या तबकडीपासून अवघ्या काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असते, आणि धुळीचा एखादा कणही तेथे पर्वतप्राय ठरतो. ती डिस्क उघडावयास निर्धूळ कक्षच लागतो. अशी सोय तालुक्याच्या गावी नसते. सुदैवाने कर्जतच्या स्थानकातून एक वाट मुंबईला आणि दुसरी बोरघाट चढून पुण्याला जाते, आणि दोन्ही शहरांत हे काम जाणणारे आहेत. खर्च मात्र जबर असतो, म्हणून आधी तपासणीचा अंदाज लेखी घ्यावा, आणि फाइली न मिळाल्यास किती रक्कम द्यावयाची याचा खुलासा करून घ्यावा.

आपल्या जिल्ह्याने या विषयातील एक जगप्रसिद्ध प्रकरण अगदी दाराशी पाहिले आहे. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या नावाचा एक विध्वंसक कार्यक्रम युक्रेनमधील हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरमधून सुटला आणि मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीच्या जगभरच्या संगणकांत पसरला. तिच्याच समूहाकडे उरण तालुक्यातील न्हावाशेवा बंदराचे एक टर्मिनल आहे. तेथील संगणकांनी मान टाकली आणि ज्या बंदराचे कंटेनर खालापूरच्या टोलनाक्यावरून रात्रंदिवस घाट चढतात, तेथील त्या टर्मिनलचे कामकाज ठप्प झाले. नॉटपेट्याची हत्यारे अनेक होती. त्यांतील सर्वांत घातक म्हणजे तो थेट मास्टर फाइल टेबलालाच कुलूप घालीत असे. शेते सारी जागेवर, पण कोणाचे शेत कोठे हे सांगणारे दप्तरच बंद. पडद्यावर ३०० डॉलरची खंडणी मागितली जाई. परंतु ती देऊनही किल्ली मिळण्याची तजवीजच त्यात केलेली नव्हती.

मर्स्कचे पुढे काय झाले ते अधिक बोधप्रद आहे. कंपनीच्या जाळ्यातील कोणत्या माणसाला कोठे प्रवेश आहे याची माहिती सांभाळणारे सुमारे १५० मुख्य संगणक देशोदेशी होते, आणि एकाची प्रत दुसऱ्यावर सतत उतरत राहील अशी व्यवस्था होती. एक गेला तर बाकीचे आहेतच, हा तर्क. परंतु ते सारे एकमेकांना जोडलेले असल्यामुळे सारेच एकदम गेले. वाचला तो एक, आफ्रिकेतील घानामधला, आणि तोही कोणाच्या दूरदृष्टीमुळे नव्हे. हल्ल्याच्या आधी तेथील वीज गेली होती आणि संगणक बंद पडला होता. तेथून इंटरनेटवरून तो मजकूर पाठविण्यास कित्येक दिवस लागले असते, आणि तेथील कर्मचाऱ्यांकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता. म्हणून एकाने डिस्क नायजेरियापर्यंत विमानाने नेली व दुसऱ्याने ती पुढे लंडनला पोहोचविली. त्या डिस्कच्या आधारावर कंपनीने १० दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे केले, असे तिच्या अध्यक्षांनी पुढे दावोस येथे सांगितले. तोटा २५ ते ३० कोटी डॉलरच्या घरात गेला.

घरगुती प्रमाणावर हाच घोटाळा आपल्याकडे रोज घडतो. टॅबमधील छायाचित्रे गुगलकडे आपोआप जातात, तेव्हा ती सुरक्षित आहेत असे मानून लोक टॅबमध्ये जागा करण्यासाठी ती गुगल फोटोज अॅपमधून खोडतात, आणि जोडणी चालू असल्यामुळे तीच छायाचित्रे गुगलकडूनही खोडली जातात. दोन ठिकाणी दिसणारी पण एका दोरीने बांधलेली वस्तू ही एकच वस्तू होय. जागा मोकळी करावयाचीच असेल तर त्या अॅपमधील "जागा मोकळी करा" हा स्वतंत्र पर्याय वापरावा; तो प्रत पोहोचल्याची खातरजमा करून केवळ टॅबमधील छायाचित्र काढतो.

या सगळ्याची एक उलट बाजूही आहे. आपण फॉरमॅट करून भंगारात दिलेल्या जुन्या संगणकाची डिस्क ज्याच्या हाती पडेल त्याला, वर सांगितलेलीच साधने वापरून, आपले आधारकार्ड आणि बँकेची पासबुके वाचता येतात. फिरत्या तबकडीची डिस्क विकण्यापूर्वी ती पूर्णपणे नव्याने लिहून काढावी, म्हणजे झटपट फॉरमॅटऐवजी पूर्ण फॉरमॅट करावा, नाही तर ती डिस्क काढून घरी ठेवावी.

कर्जत-खालापूरच्या शाळांनी, ग्रामपंचायतींनी, छायाचित्रकारांनी आणि घरोघरच्या मंडळींनी म्हणून एवढे करावे: दरवर्षी मृग लागण्यापूर्वी, घरात आगोटीची भरणी चालू असते त्याच आठवड्यात, महत्त्वाच्या सर्व फाइलींची एक प्रत वेगळ्या डिस्कवर काढावी, चार फाइली उघडून त्या वाचता येतात याची खात्री करावी, डिस्कची तार संगणकापासून सोडवावी, आणि ती त्याच घरात न ठेवता दुसऱ्या गावच्या एखाद्या नातलगाकडे ठेवावयास द्यावी.